मशिदीच्या भिंतीवरचा सृष्टिकर्ता

“तुमचं बरं आहे भाऊ. देव एकच, हिशेब सोपा. आमचे तेहतीस कोटी!”

माझा एक शाळासोबती दर ईदला अमळनेरच्या आमच्या घरी येतो आणि शीरखुर्म्याची वाटी हातात घेतली की हे वाक्य टाकतो. मी दर वर्षी हसतो. यंदा मात्र म्हटलं, एकदा बसून हा हिशेब नीट लिहून काढावा, कारण तो सोपा अजिबात नाही. मुस्लिम विद्वान हजार वर्षं हिंदूंचे ग्रंथ वाचत आले आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांचं आकड्यावर फारसं अडलंच नाही. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. ते ठिकाण दाखवायला आधी बुऱ्हाणपूरला जावं लागेल.

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण जुन्या खानदेशाची ती राजधानी. फारुकी घराण्याची सत्ता १३८२ मध्ये थाळनेरला सुरू झाली आणि पुढे तापीकाठीच वर सरकून बुऱ्हाणपुरात स्थिरावली. शहराला नाव दिलं ते चिश्ती सूफी बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं. तिथल्या जामा मशिदीत अरबी लेखासोबत एक संस्कृत लेखही कोरलेला आहे. काळ १५९०. मशीद बांधणारा राजा अली खान ऊर्फ आदिलशाह फारुकी. लेखाची सुरुवात बघा. आपल्याकडे जिथे ‘श्रीगणेशाय नमः’ लिहायचं, तिथे ‘श्रीसृष्टिकर्त्रे नमः’ असं आहे. आणि मग हा श्लोक:

अव्यक्तं व्यापकं नित्यं गुणातीतं चिदात्मकम् ।
व्यक्तस्य कारणं वन्दे व्यक्ताव्यक्तं तमीश्वरम् ॥

पुढे फारुकींची वंशावळ, मग शके १५११, संवत १६४६, पौष महिना, घटी आणि नक्षत्रासकट मुहूर्त. मशिदीसाठी शब्द वापरलाय ‘मसीति’. राजाने ती ‘स्वधर्मपालनार्थ’ बांधली, असं कारणही दिलंय. पंचांग बघून मशिदीचा मुहूर्त लिहिणारा तो पंडित कोण होता कुणास ठाऊक, पण गडी मोठा चतुर. ईश्वराचं वर्णन करताना त्याने एकही विशेषनाम वापरलं नाही. जे शब्द उपनिषदं वाचणाऱ्याला ओळखीचे आणि कुराण वाचणाऱ्याला खुपणार नाहीत, तेच निवडून काढले.

खुपत नाहीत म्हणजे कसे, ते एकेक शब्द घेऊन पाहू.

अव्यक्त. कुराणाच्या सहाव्या सूरहमध्ये, म्हणजे अध्यायात, म्हटलंय की नजरा त्याला गाठू शकत नाहीत, तो मात्र सगळ्या नजरांना गाठतो. व्यापक. दुसऱ्या सूरहमध्ये आहे: पूर्व आणि पश्चिम अल्लाहचीच, तुम्ही तोंड कराल तिकडे त्याचाच चेहरा. अल्लाहच्या नावांमध्ये ‘अल-वासिअ’ असं एक नावच आहे, सगळं व्यापणारा. नित्य. आयतुल कुर्सी ही कुराणातली आयत (वचन) आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असते: तो सदा जिवंत, सगळ्याला धरून ठेवणारा, त्याला डुलकी येत नाही की झोप. ‘व्यक्तस्य कारणं’ म्हणजे जे दिसतं त्याचा कर्ता, आमच्या भाषेत खालिक. इथपर्यंत काही अडचण नाही.

गुणातीत या शब्दाशी जरा थांबावं लागतं, कारण इथे मराठी माणूसही फसतो. आपल्याला वाटतं गुणातीत म्हणजे ज्याला कसलेच गुण नाहीत. मुसलमान तर म्हणतो की तो दयाळू आहे, न्यायी आहे, ऐकणारा आहे, त्याला नव्व्याण्णव नावं आहेत. मग मशिदीत हा शब्द कसा चालला? तर संस्कृतात इथे ‘गुण’ म्हणजे सत्त्व, रज, तम; सृष्टी ज्या तीन धाग्यांनी विणली आहे ते. गुणातीत म्हणजे त्या धाग्यांत न गुंतलेला. निर्माता निर्मितीच्या घटकांपासून बनलेला नसतो, हे कुठल्याही मौलवींना पटेल.

‘चिदात्मक’ थोडा अवघड. अल्लाह जाणणारा आहे, अलीम आहे, हे ठीक. पण तो स्वतःच जाणीव आहे असं म्हणायचं का? त्याचं ज्ञान आणि तो एकच की वेगळे, यावर इस्लामी पंडितांमध्ये शतकानुशतकं डोकेफोड झाली. आपण त्यात पडायला नको.

राहिला ‘व्यक्ताव्यक्तं’. दिसणाराही आणि न दिसणाराही. या शब्दाकडे शेवटी परत यायचंय, कारण खरी गाठ तिथेच आहे.

आता मुसलमान ज्या चष्म्यातून बघतो तो चष्मा काय आहे, ते सांगतो. त्याला तौहीद म्हणतात, म्हणजे अल्लाहचं एकत्व. कुराणातली सूरह इख्लास चारच ओळींची: तो अल्लाह एक आहे, तो कुणावर अवलंबून नाही, सगळे त्याच्यावर अवलंबून, त्याने कुणाला जन्म दिला नाही, त्याला कुणी जन्म दिला नाही, त्याच्या तोडीचं कुणीही नाही. नीट वाचलं तर चारातली एकच ओळ आकड्याची आहे. बाकीच्या तीन नात्याबद्दल आहेत: त्याचं इतर सगळ्यांशी नातं काय, आणि काय नाही. पुढच्या अभ्यासकांनी तौहीदचे दोन मुख्य प्रश्न वेगळे काढले. सृष्टीचा कर्ता आणि मालक एक मानता का? आणि भक्ती त्या एकाचीच करता का? पहिल्या प्रश्नात मक्केचे मूर्तिपूजकही पास होते. कुराणच सांगतं की आकाश आणि पृथ्वी कुणी निर्माण केली असं त्यांना विचारलं तर ते म्हणतील, अल्लाहने. ते नापास झाले दुसऱ्या प्रश्नात. म्हणजे ‘देव एक’ एवढं म्हणून मुसलमानाचं समाधान होत नाही. त्याचा पुढचा प्रश्न तयारच असतो: मग हात कुणापुढे जोडता?

हा चष्मा लावून हिंदू ग्रंथ उघडले तर काय दिसतं?

तेहतीस कोटींचा हिशेब उपनिषदानेच करून ठेवलाय. बृहदारण्यकात शाकल्य याज्ञवल्क्याला विचारतो, देव किती? तो म्हणतो, तीन हजार तीनशे सहा. बरं, पण खरे किती? तेहतीस. खरे किती? सहा. मग तीन. मग दोन. मग दीड. शेवटी एक. दीड! कोर्टात उलटतपासणी चालावी तसा हा प्रसंग आहे, आणि तो दीड ऐकून मला दर वेळी हसू येतं. मुद्दा असा की शाकल्य त्याच माणसाला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो आणि दर वेळी आकडा उतरतो. बाकीचे सगळे त्या एकाचे महिमे, असं याज्ञवल्क्याचं म्हणणं. ऋग्वेदात ‘एकं सद् विप्रा बहुधा वदन्ति’, छांदोग्यात ‘एकमेवाद्वितीयम्’. श्वेताश्वतरात तर त्याला जन्म देणारा कुणी नाही आणि त्याचा कुणी मालक नाही, असं सरळ लिहिलंय. इख्लासच्या शेजारी ठेवावं असं वाक्य.

हे मुस्लिम वाचकांच्या नजरेतून सुटलं नाही. मध्य आशियातून आलेला विद्वान अल-बेरुनी संस्कृत शिकला, पतंजलीचं योगशास्त्र अरबीत नेलं आणि १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की हिंदूंमधले जाणते लोक ईश्वर एक, अनादि, अनंत मानतात. ‘ईश्वर’ शब्दाचा त्याने दिलेला अर्थ फार सुंदर आहे: ज्याला कुणाची गरज नाही आणि जो काही न घेता देतो. सामान्य लोकांच्या कल्पना मात्र वेगळ्या, हेही तो नोंदवतो, आणि त्यासाठी गमतीचा दाखला देतो. जाणता माणूस देवाला ‘बिंदू’ म्हणतो, म्हणजे त्याला शरीर नाही असं त्याला सुचवायचं असतं. अडाणी माणूस ते वाचतो आणि समजतो की देव ठिपक्याएवढा आहे. मग ते त्यालाच बरं वाटत नाही, म्हणून तो देवाची लांबी बारा बोटं आणि रुंदी दहा बोटं करून टाकतो. बेरुनीचा प्रामाणिकपणा असा की असले लोक आमच्यातही आहेत, हे तो लपवत नाही.

सहाशे वर्षांनी शाहजहानचा मुलगा दारा शुकोहने १६५७ मध्ये काशीच्या पंडितांना हाताशी धरून पन्नासेक उपनिषदं फारसीत आणली. कुराणात ज्या ‘लपवलेल्या ग्रंथा’चा उल्लेख आहे तो म्हणजे उपनिषदंच, इथपर्यंत त्याची मजल गेली. ती ओढाताण आहे, असं माझं मत. दोन वर्षांनी त्याची मान उडाली. त्यात सिंहासनाचं राजकारण जास्त होतं, पण आरोपपत्रात हे सगळं सोयीने घातलं गेलं.

आता थोडं मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुराबद्दल, कारण हल्ली हा विषय तिथूनच कळतो. ‘न तस्य प्रतिमा अस्ति’ हे वचन तुम्हालाही आलं असेल. यजुर्वेदात आहे, श्वेताश्वतरातही आहे. खाली लिहिलेलं असतं: बघा, वेदातच मूर्तिपूजेला बंदी. आमच्या मोहल्ल्यातले तरुण हे मोठ्या उत्साहाने पाठवतात. मी त्यांना सांगतो, बाबांनो, प्रतिमा म्हणजे गणपतीच्या कारखान्यातली मूर्ती नव्हे. प्रति आणि मा. मा म्हणजे मोजणं. तोडीस तोड माप. वचनाचा अर्थ होतो, त्याच्या बरोबरीचं काही नाही. आणि गंमत म्हणजे या खऱ्या अर्थाने ते कुराणाच्या अधिकच जवळ येतं. सूरह शूरामध्ये आहे: त्याच्यासारखं काहीच नाही. इख्लासची शेवटची ओळही तीच. मूर्ती करावी की करू नये हा त्यानंतरचा प्रश्न, आणि या एका वचनावरून तो सुटत नाही.

तसंच ईशोपनिषदाचं. ‘संभूतीची उपासना करणारे अंधारात जातात’ एवढा तुकडा फिरतो आणि संभूती म्हणजे मूर्ती असं खाली ठोकून दिलेलं असतं. मंत्रात मात्र असंभूतीची उपासना करणारेही अंधारातच जातात, आणि पुढे दोन्ही एकत्र जाणावं असं सांगितलंय. शंकराचार्यांच्या भाष्यात असंभूती म्हणजे अव्यक्त प्रकृती आणि संभूती म्हणजे हिरण्यगर्भ. मूर्तीचा तिथे संबंध नाही. दुसऱ्याचा ग्रंथ वाचायचा तर पुढची ओळ वाचायची, एवढी रीत पाळली तरी पुष्कळ झालं. आपल्या ग्रंथाचं कुणी असं केलं की आपण किती चिडतो!

गीतेत मात्र मुसलमान वाचक खरोखर थबकावा अशी जागा आहे. नवव्या अध्यायात कृष्ण म्हणतो, जे श्रद्धेने इतर देवतांना भजतात तेही मलाच भजतात, फक्त ‘अविधिपूर्वकम्’, म्हणजे रीत चुकवून. सातव्या अध्यायात तर तो म्हणतो की ज्याला ज्या रूपाची श्रद्धा, ती श्रद्धा मीच पक्की करतो. म्हणजे रीत चुकली तरी अर्ज योग्य टेबलावर पोचतो. कुराणाच्या ३९व्या सूरहमध्ये मक्केचे लोक जवळपास हाच बचाव करतात: आम्ही यांना पूजतो ते केवळ अल्लाहच्या जवळ नेतील म्हणून. कुराण तो बचाव मान्य करत नाही. दोन्हीकडे परमेश्वर एकच. मध्यस्थाकडून गेलेला अर्ज एकीकडे स्वीकारला जातो, दुसरीकडे परत येतो. आकड्याचा वाद इथे संपतो आणि खरा फरक सुरू होतो.

फरकाचं दुसरं टोक अवतार. नक्शबंदी सूफी शेख अहमद सरहिंदी (१५६४ ते १६२४) यांनी हृदयराम नावाच्या एका हिंदू गृहस्थाला पत्र लिहिलंय. त्या गृहस्थाने राम आणि रहमान एकच, असं सुचवलं होतं. सरहिंदींचं उत्तर रोखठोक: राम दशरथाचा मुलगा, जो जन्मला तो निर्मित, आणि निर्माता आणि निर्मित एक कसे होतील? भाषा कडक आहे, पण मुद्दा इख्लासच्या तिसऱ्या ओळीचाच. गीतेचं उत्तर चौथ्या अध्यायात आहे: मी अजन्मा असूनही, माझ्या मायेने प्रकटतो. हिंदूच्या दृष्टीने प्रकटणं वेगळं, जन्मणं वेगळं. सरहिंदींना ही पळवाट वाटली असती.

पण सगळे सूफी सरहिंदी नव्हते. मशिदीत तो श्लोक कोरला गेला त्याच सुमाराला बुऱ्हाणपुरातच मुहंमद बिन फजलुल्लाह बुऱ्हाणपुरी यांनी ‘अत्तुहफा अल-मुर्सला’ नावाची छोटीशी अरबी पुस्तिका लिहिली. अस्तित्व एकच आहे आणि ते सात पायऱ्यांनी उतरत उतरत जगाच्या रूपाने दिसतं, असा तिचा सारांश. सर्वांत वरची पायरी निव्वळ एकत्वाची, जिथे कसलंही वर्णन चालत नाही. खालच्या पायऱ्यांवर आत्मे, आकृती, देह आणि शेवटी पूर्ण मानव. ही पुस्तिका पुढे समुद्र ओलांडून सुमात्रा आणि जावापर्यंत गेली, तिच्यावर भाष्यं झाली, वाद पेटले. खानदेशातून केळी नि कापूस बाहेर जातो एवढंच आपण पोरांना शिकवतो.

या विचाराला वहदतुल वुजूद म्हणतात, मूळ सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबींचा. अद्वैताच्या तो इतका शेजारी येतो की मधली भिंत शोधावी लागते. भिंत आहे मात्र. बुऱ्हाणपुरींसारखे सूफी बजावतात की ईश्वर वरच्या पायरीवर ईश्वरच राहतो आणि दास खालच्या पायरीवर दासच. नमाज कुणाला चुकत नाही. ‘तत्त्वमसि’, ते तूच आहेस, असं आपल्या मुलाला सांगणारा छांदोग्यातला उद्दालक शंकराचार्यांच्या अर्थाने तरी त्या पायऱ्याच पुसून टाकतो.

आणि आता ते ‘व्यक्ताव्यक्तं’. कुराणाच्या ५७व्या सूरहमध्ये अल्लाहची चार नावं एका ओळीत येतात: तोच पहिला, तोच शेवटचा, तोच जाहिर, तोच बातिन. जाहिर म्हणजे उघड, बातिन म्हणजे आत लपलेला. पंडिताने याच आयतीचा संस्कृत शब्द केला की उपनिषदातून उचलला, हे सांगता येणार नाही. बुऱ्हाणपूरहून तापीच्या प्रवाहाने खाली आलात की पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव लागतं. ज्या चांगदेवांनी कोरं पत्र पाठवलं अशी कथा आहे, त्यांचं. ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल लिहिलेल्या पासष्ट ओव्यांतली दुसरीच ओवी: ‘प्रगटे तंव तंव न दिसे । लपे तंव तंव आभासे ।’ तीच जाहिर-बातिनची जोडी, मशिदीतल्या श्लोकाच्या सुमारे तीनशे वर्षं आधी, त्याच नदीकाठच्या माणसासाठी. वहदतवाला सूफी म्हणेल, जग म्हणजे त्याचं जाहिर असणं. बाकीचे उलेमा म्हणतील, छे, जग म्हणजे त्याच्या खुणा. खूण म्हणजे तो नव्हे. चुलीवरून निघणारा धूर म्हणजे आग नव्हे, तसं. शब्द एकच, आणि वाचणारे आपापल्या वाटेने जातात.

सरहिंदींच्याच परंपरेत दीडशे वर्षांनी दिल्लीचे मिर्झा मजहर जानेजानाँ (१६९९ ते १७८१) झाले. गुरुपरंपरा तीच, पण निकाल वेगळा. त्यांचं म्हणणं: प्रत्येक समाजात इशारा देणारा आला, असं कुराण सांगतं, मग हिंदुस्थान त्यातून कसा वगळायचा? वेद ईश्वराकडून आले असावेत. राम-कृष्णांबद्दल कुराण काही बोलत नाही, तर आपणही तोंड आवरावं, चांगलंच मत ठेवावं. अरबांच्या मूर्तिपूजेशी हिंदूंच्या पूजेची बरोबरी करू नये. सूफी जसा पीराचं रूप मनात धरून ध्यान करतो, तशी यांची मूर्ती. आणि मूर्तीपुढचं लोटांगण? ते सलामाचं आहे, उपासनेचं नाही, कारण हे लोक आईबाप आणि गुरूलाही तसंच दंडवत घालतात. (प्रेषितांच्या आगमनानंतर मात्र सगळ्यांनी त्यांच्यामागे यावं, हेही ते सोडत नाहीत. सोयीचं तेवढं उचलायचं नाही, असं आत्ताच म्हणालो, म्हणून हे सांगितलं.)

दंडवताचा तो मुद्दा वाचला तेव्हा मला शेजारची मावशी आठवली. श्रावणात तिच्याकडे आमच्या खानदेशातली देवी कानबाई बसायची. परातीत गहू, कलशावर नारळ, नारळाला डोळे, नथ, वर खण. मी सात-आठ वर्षांचा असेन. नारळाला बोट लावायला गेलो तशी ती ओरडली, “हात नको लावू रे भाऊ. आते ते नारय नही, कानबाई शे.” आते. आत्ता. तो शब्द मला फार पुढे कळला. शनिवारी दुकानातून आणला तेव्हा तो नारळ होता, रविवारी बोलावणं गेल्यावर कानबाई, सोमवारी बोरी नदीवर निरोप दिल्यावर पुन्हा नारळ. पार्थिव गणपतीचंही तसंच: उत्तरपूजेच्या अक्षता पडल्या की उरते ती माती. हिंदू दगडाला देव मानतात म्हणणाऱ्याने आवाहन आणि विसर्जन हे दोन विधी पाहिलेलेच नसतात. मावशीचा देव त्या नारळात राहत नव्हता, पाहुणा यायचा.

अब्बांना हे मी एकदा समजावून पाहिलं. ते म्हणाले, काब्यातला काळा दगड चुंबताना दुसरे खलिफा हजरत उमर म्हणाले होते, तू दगड आहेस हे मला ठाऊक आहे, तू कुणाचं भलं करू शकत नाहीस की वाईट. प्रेषितांना चुंबताना पाहिलं नसतं तर मीही चुंबलं नसतं. आमचा दगड चुंबतानाही दगडच असतो, एक दिवससुद्धा पाहुणा येत नाही. फरक तेवढाच आहे, पण तो पुसू नकोस. मला वाटतं, या सगळ्या विषयावर इतकं नेमकं मला दुसऱ्या कुणी सांगितलं नाही.

मावशी सोमवारी सगळ्या गल्लीला पुऱ्या वाटायची. कानबाईच्या नैवेद्याचे रोट मात्र आमच्या घरी कधी आले नाहीत. लहानपणी वाटायचं, आपण मुसलमान म्हणून. मोठेपणी त्या शाळासोबत्याला विचारलं तर तो म्हणाला, “येडा का काय? रोट भाऊबंदांच्या बाहेर जातच नाहीत. आम्ही पाटील, समोर राहायचो, आम्हाला तरी कुठे मिळाले?”